बैठकीत न सांगितलेलं कर्ज

आबा, काल बँकेतून बेबाकी दाखला मिळाला. म्हणजे माझ्या नावावर आता एक रुपयाचंही देणं नाही, असं सहीशिक्क्यानिशी लिहिलेला कागद. त्यासाठी चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा सिस्टीम बंद, तिसऱ्यांदा म्हणे सहकर्जदाराची सही लागेल. सहकर्जदार म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, अहो, ते वारलेत, नऊ वर्षं झाली, त्यांच्या मृत्यूचा दाखला मीच आणून दिलाय तुम्हाला. त्यावर काउंटरपलीकडचा तो माणूस शांतपणे म्हणतो, "मग वारसाची सही आणा." वारस मीच की! माझ्याच कर्जाच्या कागदावर, माझ्याच बापाची वारस म्हणून, मीच सही केली तेव्हा कुठं दाखला सुटला. मी असं काही बोलले असते तिथं, पण मागे रांग होती. घरी येऊन कागद टेबलावर ठेवला. दहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आला आणि पेढे आणावेत असंसुद्धा वाटलं नाही. मला तुमच्याशी भांडायचंय.

भांडण जुनंच आहे. अकरा वर्षांपूर्वीची आपल्या वडूजच्या घरातली बैठक. मी आतून चहाचा ट्रे घेऊन येते. सतरंजीवर सांगलीहून आलेली माणसं बसलीत, त्यात मुलाचा मामा, हातातल्या अंगठीशी खेळणारा. तो विचारतो, "पोरगी दातांची डॉक्टर म्हंजे लय खर्च आला आसंल की वं. काय कर्ज-बिर्ज?" तुम्ही परेडला बसल्यासारखे ताठ. फौजेतली हवालदारी सुटून बारा वर्षं झाली तरी पाठ काही वाकली नव्हती. म्हणालात, "न्हाई वं. पेन्शनीत भागवलं समदं. पोरीच्या डोक्यावर कायबी बोजा न्हाई." नऊ लाख काढले होते, आबा! आणि शिकताना हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं आपण दोघं धरून चाललो होतो. केवढे हुशार आपण! ते आतल्या आत वाढून तेरा झाले होते. बरं, समोरचा मामा तरी काय कमी? तो म्हणाला, "आमचा बी पोरगा स्कॉलरशिपवर इंजिनेर झालाय. छदामाचं देणं न्हाई." झालं. सुपारी फुटली, पेढे वाटले, दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या हातावर टाळ्या देऊन हसले. मुलीला मंगळ असला तर आपल्याकडं सांगतात, पण तिच्या नावावर शिक्षणाचं कर्ज आहे हे काही केल्या सांगत नाहीत. कारण मग प्रश्न निघतो की लग्नानंतर ते फेडणार कोण, आणि माणसं चहा अर्धा ठेवून उठतात.

मला राग कशाचा येतो सांगू? खोटं बोलणारा माणूसच नव्हतात तुम्ही. मी चौथीत असताना पोहायला म्हणून विहिरीवर गेले आणि बाईंना सांगितलं की ताप होता. तुम्ही तेव्हा सुट्टीवर आला होतात. दुसऱ्या दिवशी माझं बखोट धरून शाळेत नेलंत, सगळ्या वर्गासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "बोल. काल कुठं हुतीस?" मी रडत रडत विहीर म्हणाले. परत येताना बाजारातून पेरू घेऊन दिलात, पण डोळे तसेच. "फौजेत खोटं बोलनाऱ्याच्या पाठीवर वाळूनं भरलेला पिट्टू बांधून मैदानाला पळवत्यात, म्हाईत हाय का?" तोच माणूस पुढं बारा-तेरा लोकांसमोर मिशीवरून हात फिरवत धडधडीत खोटं बोलला. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. तेव्हा आपलं दोघांचं एक बोलणं झालं होतं. ते नंतर लिहिते. आधी माझं भांडून होऊ दे.

लग्नानंतर पाचव्या दिवशी आम्ही जेजुरीला गेलो. रीतीप्रमाणे नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या. तुमच्या जावयानं मला पाच पायऱ्या नेलं, खाली ठेवलं आणि तिथंच बसकण मारली. भंडाऱ्यानं पिवळा झालेला, धापा टाकतोय, आणि म्हणतो, "मला एक सांगायचंय. माझ्यावर सात लाखांचं कर्ज आहे. मामानं बैठकीत खोटं सांगितलं." मला जे हसू फुटलं, आबा! लोक वळून बघायला लागले. त्याला वाटलं मी रडतेय. मग मी म्हटलं, "माझ्यावर पण आहे." "किती?" "तेरा." उठायला लागलेला तो परत खाली बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "आधी कळलं असतं तर तुला तीनच पायऱ्या नेलं असतं." असा माणूस मिळाला म्हणून निभावलं. परतताना लोणंदला चहा घेतला, तेव्हा त्यानं गंभीरपणे विचारलं, "पण तू का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "आबांनी बोलू दिलं नाही." त्यानं मान हलवली. विषय संपला.

विषय संपला कसला, तिथून सुरू झाला. घरी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण माझं सांगितलं तर त्याचं निघणार, मामा खोटा पडणार आणि मामा म्हणजे माधवनगरच्या आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. मी सांगलीत दुसऱ्यांच्या दवाखान्यात उभी राहून लोकांचे दात काढले. स्वतःचा दवाखाना टाकायचा म्हणून शिकले, आणि शिकल्याचं कर्ज फेडायचं म्हणून स्वतःची एक खुर्ची घेता आली नाही. पाच तारखेला त्याचा हप्ता, सात तारखेला माझा, आठ तारखेला दोघांचे खिसे रिकामे. बरोबरचे लोक गाड्या घेऊन महाबळेश्वरला जात होते, आम्ही स्कूटरवरून कृष्णेच्या घाटावर जाऊन भेळ खात होतो आणि तीही एकच. पाळणा सात वर्षं लांबवला. सासूबाई दर सणाला विचारायच्या, "कवा देनार गं बातमी?" त्यांना काय सांगणार? आधी बँकेचं, मग बारसं? वर त्यांनी मनाशी एक हिशेब मांडून ठेवला होता: सून कमावती आहे आणि तरी तिच्या हातात काही दिसत नाही, म्हणजे पगार माहेरी जातोय.

आणि नेमके त्या दिवसांत, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तुम्ही आलात. वडूजहून एसटीनं, खांद्यावर बाजरीचं पोतं, पिशवीत घेवडा, पायात तेच चकचकीत बूट. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलात. सासूबाईंनी चहा ठेवला आणि ठेवता ठेवता बोलून घेतलं, "पोरीचा पगार तुमच्याकडं येतोयच की. मग आमास्नी बाजरी कशाला घालताय वं?" माझी तव्यावरची पोळी करपली. मी तुमच्याकडं बघत राहिले. वाटलं, आता तरी सांगाल, कर्ज आहे हो तिच्यावर, छदामसुद्धा घेत नाही मी पोरीचा. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "चुकलं आमचं." बास! एवढंच. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले आणि तिथं, चार माणसांत, तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमच्या त्या एका खोट्यापायी मी या घरात चोर ठरलेय म्हणाले. तुम्ही गाडीची पाटी वाचत उभे राहिलात. गाडी लागल्यावर म्हणालात, "हप्ता चुकवू नगंस." त्यानंतर दीड महिन्यानं, शेतावरून येताना, बांधावर बसलात ते उठला नाहीत.

पुढं सासूबाईंना कळलं. बँकेचा लिफाफा त्यांच्या हातात पडला. तुमच्या जावयानं सगळं सांगून टाकलं, स्वतःचंही, आणि माझी बाजू घेत म्हणाला, "तिचा काय दोष? तिच्या आबांनी तिला तोंड उघडू दिलं नाही." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. मेल्या मानसाला काय बोलायचं." त्या दिवसापासून त्या माझ्याशी बऱ्या वागायला लागल्या. मी भाजी निवडत राहिले.

आता गेल्या रविवारचं ऐका, म्हणजे मी एवढी का तडकलेय ते कळेल. माझी नणंद, आमच्या लग्नात परकर-पोलक्यात मिरवत होती ती, आता नर्सिंग करून नोकरीला लागलीय. तिच्यावरही सव्वाचार लाखांचं कर्ज आहे. खंडाळ्याहून तिला बघायला माणसं येणार होती. सकाळी मी पोहे भिजवत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, विचारलं तर सांगायचं का?" दहा वर्षं भोगलेली बाई मी. मला काय उत्तर द्यायला हवं होतं? मी म्हणाले, "बघू गं. विचारतीलच असं नाही." विचारलं, आबा. मुलाच्या काकानं, अगदी त्याच सुरात. सासूबाई पटकन म्हणाल्या, "न्हाई न्हाई, देनं-बिनं कायबी न्हाई," आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. बोलले सुद्धा! म्हणाले, "हो ना, तसं काही नाही." तेवढ्यात या पोरीनं ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "आहे. सव्वाचार लाख. माझ्या पगारातून फेडतेय, लग्नानंतरही मीच फेडणार. चालत असेल तर पोहे घ्या." कुणी बशीला हात लावेना. मग त्या मुलानंच आधी पोहे उचलले, पण काकानं "कळवतो" म्हणून चपला घातल्या. अजून काही कळवलेलं नाही.

माणसं गेल्यावर घरात जी जुंपली म्हणता! सासूबाई म्हणाल्या, "तोंड हाय का तोफ? ल्येकीच्या जातीनं एवढं बोलायचं?" आणि मीही सामील झाले. मी तिला म्हणाले, थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, नंतर सांगता आलं असतं. ती रडली नाही. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बोलू दिलं नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं." आणि तुमचा जावई, बिचारा, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "खरंय. हिच्या आबांनी हिला एवढं बोलू दिलं असतं ना, तर आमची पहिली दोन वर्षं तरी सुखाची गेली असती." मी ताटल्या उचलून मोरीवर गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तेव्हापासून तुमच्याशी भांडतेय. आठवडा होत आला, आणि भांडण काही रंगत नाही, कारण तुमच्या बाजूनं बोलायला लागते ती मीच.

म्हणून आता ती संध्याकाळ लिहिते. तुम्ही ओट्यावर बसला होता, एक बूट हातात घातलेला, दुसऱ्या हातात ब्रश. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, "उद्या त्यास्नी कर्जाचं सांगून टाकतो. लपवून पोरगी द्यायची न्हाई मला. त्यास्नी चालंल तर चालंल. तू काय म्हनतीस?" त्याच्या तीन दिवस आधी मी तुमच्या जावयाला साताऱ्यात भेटले होते. त्यानं मला मिसळीतली तर्री काढून दिली होती, मला तिखट सोसत नाही म्हणून. मला तो हवा होता, आबा. मी कपडे छातीशी धरून म्हणाले, "नको ना आबा. विचारलं तर नाही म्हणा. माझ्यासाठी एवढं म्हणा." तुमचा ब्रश थांबला. मग तुम्ही "बरं" म्हणालात आणि तोच बूट परत पहिल्यापासून घासायला घेतलात.

माझं खोटं तुम्ही बैठकीत बोललात, आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकून घेतलंत, आणि मी स्टँडवर चार माणसांत तेच तुमच्या अंगावर फेकलं, तेव्हाही "तूच म्हनली हुतीस की" एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. चौथीत मला वर्गासमोर उभं केलंत तसं तिथं का नाही केलंत? एकदा तरी बखोट धरायचं होतंत! मी दहा वर्षं बँकेचा एक हप्ता चुकवला नाही आणि हे एक वाक्य नवऱ्याला सांगायचं रोज चुकवलं.

हे पत्र कुठं टाकणार? वडूजच्या त्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. आमची कर्जाची एक निळी फाईल आहे. माझा दाखला तिच्यात लावायचाय. उद्या तुमचा जावई ती उघडणार आहे, बहिणीच्या कर्जाचे कागद नीट लावून द्यायला. दाखल्याच्या वर हे ठेवलंय. मघापासून दोनदा काढून घेतलं, आबा. आता तिसऱ्यांदा ठेवते.