तुमच्या सल्ल्याची मोटार

मु. पो. आचरा, ता. मालवण, जि. रत्नागिरी
माघ, सन १९६४

तीर्थस्वरूप सत्यवान भावोजी यांच्या दोन्ही चरणांवर, आणि त्यातही ज्या उजव्या चरणाने आपण ब्रेक दाबता त्याच्यावर विशेष करून, हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार. काशीतायचे गुडघे कसे आहेत? मुंबईच्या जिन्यांनी गुडघे जातात हे मी तिला मागेच बजावले होते, पण धाकट्या भावाचे ऐकायची आपल्या घरात पद्धत नाही. तुमची पचनशक्ती उत्तम असणार, कारण गेल्या चतुर्थीला आमच्याकडे येऊन ज्या शांतपणे तुम्ही मोदक खाल्लेत, त्याच शांतपणे माझ्या आयुष्याचा निकाल लावून गेलात. इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायचा प्रघात आहे. तो मी आज मोडतो आहे. इकडे कुणी खुशाल नाही.

आठवून पाहा. ओटीवर पान लावता लावता तुम्ही म्हणालात, "हरिश्चंद्रा, नारळ मोजण्यात जन्म गेला तुझा. आता एक मोटार घे." मी म्हटले, मला एसटी आहे. (आहेच. तिची वेळही ठरलेली आहे. ती त्या वेळेला येत नाही, एवढेच.) त्यावर तुम्ही आवाज चढवून, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने म्हणालात की मुलगी लग्नाची झाली आहे, दाराशी मोटार दिसली की स्थळे आपणहून चालत येतात. आत सौ. मथुरेने ते ऐकले आणि माझे सगळे युक्तिवाद तिथेच संपले. रुक्मिणीची दोन स्थळे आधीच फिसकटली होती. एकांना ती फार उंच वाटली, दुसऱ्यांना फार शिकलेली. मोटारीमुळे उंची कमी कशी होणार हे विचारायला हवे होते, पण त्या दिवशी मला सुचले नाही.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी धाडलेली ती मोटार दसऱ्याच्या सुमाराला आचऱ्यात शिरली, तेव्हा तिच्या पुढे बैलजोडी होती. (आणणारा म्हणाला, "चढावर वायच दमली.") पुढच्या बाजूची पितळी अक्षरे गळून पडलेली, त्यामुळे ती कुठल्या घराण्याची हे आजतागायत गावात कुणाला सांगता आलेले नाही. तुम्ही लिहिले होते की ही गाडी एका डॉक्टरांनी वापरलेली आहे. कशासाठी वापरली ते लिहिले नव्हते. आतली बैठक पाहता मला शंका येते की रोगी गाडीत नव्हते, गाडीच रोगी होती.

ते एक असो. पण भावोजी, मोटार घेतल्यावर माणसाला जो दुसरा त्रास सुरू होतो, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढले नव्हते. तो म्हणजे दुसरे मोटारवाले. आमच्या बाजूला ते मोजकेच आहेत, पण एकेक म्हणजे विद्यापीठ आहे. बांद्याचे नाना तुम्हाला ठाऊक आहेत, काजूचे व्यापारी. गोवा मोकळा झाल्यापासून म्हापशाहून एक गाडी आणून ते हमरस्त्यावर मिरवतात. माझ्या गाडीतले पेट्रोल आपोआप कमी होते अशी मी त्यांच्याकडे तक्रार केली. (होतच होते. गाडी माडांतल्या मांगराच्या छपराखाली उभी, मी दुकानात, आणि दर आठवड्याला टाकीत काठी बुडवून पाहावी तर काठी कोरडी.) नानांनी डोळे मिटले आणि सांगितले की समुद्राची हवा पेट्रोल ओढून घेते, तेव्हा गाडीची पाठ कधी पश्चिमेकडे करू नये. मी मुकाट्याने गाडी फिरवून ठेवली. फिरवली म्हणजे चार माणसे लावून फिरवली, कारण मागे जायचा गिअर मला आजवर सापडलेला नाही. पेट्रोल तरीही जातच राहिले. नाना म्हणाले, मग टाकीच्या झाकणावर ओले गोणपाट घाला. तेही घातले. गावातले लोक येऊन विचारत, गाडीला ताप आला आहे का.

याच नानांनी दुसरा उपाय सांगितला तो पत्र्यासाठी. खाऱ्या हवेने पत्रा सडतो, तर होड्यांना लावतात ते मुशी माशाच्या काळजाचे तेल गाडीला खालून फासावे, दहा वर्षे गंज येणार नाही. मी आमच्या मासेवाल्या गंगूकडे डबा घेऊन गेलो. तिने माझ्याकडे आणि डब्याकडे पाहिले.

"दादानु, ह्या तेल होडयेक लावतत," ती म्हणाली. "गाडी काय म्हावऱ्याक धाडतलास?"

मी तिला मोटारीचे शास्त्र समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, तेल दिले, आणि मी वळल्यावर बाजारातल्या सगळ्या बायकांना हाका मारून ते शास्त्र पुन्हा सांगितले. तेल फासले. गंज आला नाही हे नानांना न्याय द्यायचा म्हणून कबूल करतो. पण दुसऱ्या दिवसापासून आचऱ्यातले एकूण एक मांजर मांगरात मुक्कामाला आले, आणि गाडी बाहेर काढली की गावातली कुत्री शेपट्या हलवत मागून धावू लागली. देवळापर्यंत जायचे तरी माझ्यामागे वरात. तेल धुऊन काढावे म्हटले तर ते निघेना. राख लावली, शिकेकाई लावली. मथुरेने तर हळद सुचवली, पण ती तिने रागाने सुचवली असावी.

अशा परिस्थितीत सावंतवाडीचे स्थळ आले. मुलगा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, घर तळ्यापासून जवळ, माणसे भली. मुलगी घेऊन या, असा निरोप आला. मी म्हटले, एसटीने जाऊ. मथुरा म्हणाली, "मोटार घेतलास ती काय मांजरांक निजाक?" शेवटी मी चालवायला, शेजारी रुक्मिणी (तुमच्या सल्ल्यांची पत्रे मला वाचून दाखवायला, गेले काही महिने ती हेच काम करते आहे, मी क्लच दाबतो आणि ती पुढची ओळ वाचते), मागे मथुरा नारळांच्या टोपलीसह, आणि त्याच्या मागे वेशीपर्यंत कुत्री, असे आम्ही निघालो.

कुडाळच्या बाजारात गाडी बंद पडली. का पडली ते विचारू नका. एक म्हातारी आडवी आली, मी सगळे एकदम दाबले. उतरलो, पुढून फिरवून गाडी सुरू करायचे हँडल काढले. आता भावोजी, हे तुमच्या हातचे वाक्य आहे आणि ते मला पाठ आहे: "हँडल पूर्ण मुठीत आवळून धरावे, अंगठा खालून घालावा, बोटांच्या टोकांनी धरणे पुरुषाला शोभत नाही." मी पूर्ण मुठीत आवळले. अंगठा खालून घातला. जोर लावला. हँडलने उलटा असा हिसका दिला की मी बाजारात बसलो आणि माझे मनगट दुसरीकडे कुठेतरी गेले. एका दुकानदाराने खोक्याची फळी लावून धोतराच्या पट्टीने हात बांधला आणि सांगितले की अंगठा नेहमी वरच्या बाजूला ठेवायचा असतो, हे कुणीही सांगेल. कुणीही सांगेल! फक्त तुम्ही सांगितले नाहीत. (हात अजून बांधलेलाच आहे. म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि रुक्मिणी लिहिते आहे. मधे मधे अक्षर हललेले दिसेल, ते तिच्या हसण्यामुळे.)

एसटी निघून गेलेली. तिकडे माणसे वाट पाहत बसलेली. मथुरेच्या डोळ्यांना पाणी आले. हेही स्थळ गेले असे धरून ती टोपलीतले नारळ उगाच इकडचे तिकडे करू लागली. तेवढ्यात रुक्मिणी खाली उतरली, पदर खोचला, ते हँडल (बोटांच्या टोकांनीच, भावोजी) धरून एक फेरा दिला, आणि गाडी सुरू झाली. मग माझ्या बाजूचे दार उघडून म्हणाली, "बाबा, तुमी पलीकडे सरा. मी चालवतंय."

मी सरलो. का सरलो ते मला अजून कळलेले नाही. लग्नाची मुलगी, अंगावर आईची नारायणपेठ, आणि ती भर बाजारातून गाडी काढते आहे! मागून मथुरा देवाचे नाव घेत होती. झारापच्या पुढे उतार लागला. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडावी हे नानांचे मत, आणि तसे करणारा मूर्ख असतो हे तुमचे. मी दोन्ही मते मोठ्याने सांगत होतो. रुक्मिणी समोर बघूनच म्हणाली, "दोगांतला खंयचा एक ता ठरवा, नायतर गप रवा." बापाला!

सावंतवाडीत शिरताच तिथल्या कुत्र्यांना वर्दी लागली. घराच्या पायरीवर मुलाचे वडील, आई यमुनाबाई आणि खुद्द मुलगा उभे. मुलीने अशा वेळी खाली मान घालून यायचे असते. आमची मुलगी पाठीमागे मान वळवून, एक हात बैठकीवर टाकून, कुत्र्यांना हाड हाड करीत गाडी उलटी त्यांच्या अंगणात घालत होती. तुळशीला न लागता घातली. मी डोळे मिटून घेतले. संपले, म्हटले. उंच झाली, शिकलेली झाली, आता हे.

पाणी झाले, पोहे आले. मुलाचे वडील माझ्या हाताकडे बघत होते, मुलगा मोटारीकडे. मग त्याने विचारले, "हा वास कसला?" मी खरे ते सांगितले. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "कल्पना चूक नाही, पण प्रमाण जास्त झाले." (एवढ्या महिन्यांत माझ्याशी समजुतीने बोललेला हा पहिला माणूस.) इतक्यात यमुनाबाई उठल्या. त्यांनी आमच्या मुलीला ना स्वयंपाक विचारला, ना शिवण. तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चेडवा, राजवाड्यातल्यो मोटारी जन्मभर दारासून बघतंय. कोणी म्हणूक नाय, बस म्हणान. माका तळ्याभोवती एक फेरी मारून हाड गो." (मुंबईत विसरला असाल म्हणून सांगतो, हे 'हाड' म्हणजे 'आण', कुत्र्यांचे नव्हे.)

दोघी गेल्या. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. आम्ही ओटीवर बसून तळ्याच्या बाजूने येणारे हॉर्न ऐकत होतो. एक फेरी व्हायला जेवढा वेळ लागावा त्याच्या कितीतरी पट झाला. मथुरेने माझा चांगला हात इतका घट्ट धरला की तोही मोडतो की काय असे वाटले. शेवटी गाडी आली. यमुनाबाईंचा अंबाडा सुटलेला, कुंकू कपाळभर, आणि चेहरा असा की मी वर्णन करू शकत नाही.

"चेडू माका पसंत," त्या गाडीतूनच म्हणाल्या. "झिलाक काय इचारूचा ता तेणी इचारून घेवचा."

मुलाने एकच विचारले: गाडी उलटी घ्यायला कुठे शिकलात? आणि आमची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा दुपारी दुकानात गेले की माडांच्या मधून चालवायची."

भावोजी, माझे पेट्रोल! मी गाडीचे तोंड समुद्राकडे फिरवत होतो, गोणपाटे भिजवत होतो, आणि माझे पेट्रोल माझ्याच माडांखाली जळत होते! आणि मथुरेला हे ठाऊक होते! ओटीवर सगळे हसले. मुलगा तर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि रुक्मिणीने त्याला पाणी दिले. स्थळ ठरले. त्यांनी मागितले काहीच नाही.

पण म्हणून तुम्ही सुटलात असे समजू नका. माझे मनगट गेले, गावात अब्रू गेली, व्याह्यांच्या अंगणात अजून कुत्री बसून आहेत असे कळते. या सगळ्याला तुम्ही, नाना आणि तुमचे ते गृहस्थ जबाबदार आहात. ही गाडी मी विकणार. मिळेल त्याला देणार. यापुढे माझ्यासमोर कुणी मोटारीचे नाव काढू नये, आणि तुम्ही तर मुळीच नाही. काशीतायला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला, एका हाताचा,
हरिश्चंद्र

ता. क. लग्न वैशाखात आहे. काशीतायला आधी पाठवा. तुम्ही एसटीने या. व्याह्यांनाही आता मोटार घ्यावीशी वाटू लागली आहे. त्यांनी काही विचारलेच तर तुम्हाला ऐकू कमी येते असे मी सांगून ठेवले आहे.

आणखी एक. हॉर्नचा रबरी फुगा उंदरांनी कुरतडला. सौ. म्हणते, येताना नवा आणावा. विकायच्या गाडीला हॉर्न कशाला, असे मी विचारले. तिने जुना फुगा मापासाठी माझ्यापुढे ठेवला.

शेवटचे. हे मी स्वतः डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर गोड मानून घ्या. रुक्मिणी विहिरीवर गेली आहे; तिच्यादेखत हे सांगता येईना. गाडी विकायची नाही. लग्न झाले की ती तिच्याबरोबर सावंतवाडीला धाडायची. त्यांनी मागितले नाही म्हणूनच द्यावीशी वाटते. झारापच्या उतारावर पोरीने गाडी अशी उतरवली, भावोजी, की तशी तुम्हालाही जमणार नाही. मी ओरडत होतो ते भीतीने, असे मथुरेला वाटते. वाटू दे.

तर ती गेल्यावर मांगर फार रिकामा दिसेल. तुमच्या त्या गृहस्थांकडे आणखी एखादी असली तर नजर ठेवा. लहान चालेल, जुनी चालेल, फक्त बटणाने सुरू होणारी पाहा. घाई नाही, रुक्मिणी पहिल्या माहेरपणाला येईल तेव्हा आली तरी पुरे, मला उलटी घ्यायला तीच शिकवील. उत्तर घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.