हिचं हिमोग्लोबिन, माझा तक्ता

३ फेब्रुवारी. संध्याकाळ.
हिचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. बाईमाणसाला बारा तरी लागतं म्हणे. गर्भाशयातली गाठ काढायचं ऑपरेशन १८ एप्रिलला ठरलंय, पण तोवर आकडा दहाच्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर रक्त जात राहणार, आणि रक्त जात राहिलं की आकडा आणखी खाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं.

दोन रस्ते आहेत म्हणाल्या. दवाखान्यात येऊन सलाईनमधून लोह घ्यायचं, किंवा घरी गोळ्या आणि नीट आहार. मी ताबडतोब दुसरा म्हणालो. सुया कशाला टोचून घ्यायच्या, घरात मी आहे ना! ही काही बोलली नाही, म्हणजे हिलाही पटलं.

मग त्या हिला गोळ्यांचं काहीबाही सांगत बसल्या. तेवढ्या वेळात मी कोपऱ्यातला वजनकाटा उलटा करून तपासला. तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. तळाला खात्याचा शिक्काही नाही. चोवीस वर्षं वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर आहे, तोंडावर सांगितलं. बाईंची बोलती बंद.

४ फेब्रुवारी. ऑफिस, लंच टाइम.
तक्ता तयार. आडवे सात वार, उभे पोषक घटक : लोह, प्रोटीन, फॉलिक अ‍ॅसिड, बी-ट्वेल्व्ह, सी. समोर पदार्थ, वेळ, वजन ग्रॅममध्ये. लोकांना आहाराचं काही कळत नाही याचं कारण लोक मोजत नाहीत.

पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने (ऑफिसात त्याला विश्वकोश म्हणतात) तक्ता पाहून मान डोलावली. व्हिटॅमिन ए, बी, सी, डी, ई आहेत आणि मग एकदम के. मधली अक्षरं कुठे गेली ते मात्र त्यालाही सांगता येईना. इतकी गळती आमच्या खात्यात असती तर चौकशी लागली असती.

रात्री जेवताना तक्ता फ्रीजवर लावला. लेकीने उभ्या-उभ्या वाचला आणि म्हणाली की बाबा, यात करणार कोण हा रकाना नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, जीभ चालते. रकाना वाढवला. त्यात लिहिलं : घरचे.

५ फेब्रुवारी. सकाळी ६.१०.
शुभारंभ. बीट दोनशे ग्रॅम, काट्यावर मोजून. मिक्सरचं झाकण सापडेना, म्हणून वर ताटली धरली. भिंत, छत आणि माझा बनियन लाल. आवाजाने ही उठली. तिने झाकण काढलं (मिक्सरच्या मागेच होतं), रस केला, भिंत पुसली. पुसता पुसता मध्येच ओट्याला धरून उभी राहिली. मी म्हणालो, घाई नाही, सावकाश पूस.

रस मी चाखून पाहिला. क्वालिटी चेक. ठीक होता. नीट अंदाज यावा म्हणून आणखी चाखला. उरलेला तिला दिला.

न्याहारीनंतर लोहाची गोळी. नुसत्या पाण्याबरोबर गिळताना तिचं तोंड कसंनुसं झालं. मला बघवेना. म्हटलं थांब, आणि स्वतः चहा केला. आपल्या हाताने! ही बराच वेळ कपाकडे बघत राहिली. साखर जास्त झाली असणार. पण सगळा प्यायली.

९ फेब्रुवारी. रविवार.
कलेजी आणली. लोहाचा राजा, असं विश्वकोश म्हणतो. हिला वासानेच मळमळलं. नाकाला पदर लावून शिजवली आणि गॅलरीत जाऊन बसली. इतकं लोह वाया घालवणं मला पटत नाही. मी खाल्ली. लेकीने दोन तुकडे घेतले.

ठराव : दर रविवारी कलेजी. सवय होईल.

(चहा : रोज दोन वेळा, दोन्ही गोळ्यांबरोबर. एक दिवसही चुकलेला नाही. तक्त्यातला हा एकच रकाना पूर्ण हिरवा आहे.)

१७ फेब्रुवारी.
लोखंडी कढई घेतली. त्यात शिजवलं की भाजीत आपोआप लोह उतरतं. वजन चार किलो सहाशे, मी स्वतः मोजलं, दुकानदाराचा काटा चोख. आज त्यात पालक केला. हिला कढई उचलवेना, म्हणून शेगडीवरून उतरवायला मला हाक मारली. मी फोनवर होतो. पालक लागला. करपलेल्या भाजीत लोह तेवढंच राहतं का, हे उद्या विश्वकोशाला विचारणे.

२ मार्च. रविवार.
आहाराचा परिणाम दिसू लागला! माझ्या चेहऱ्यावर तेज आलंय असं ऑफिसात तिघांनी सांगितलं. जिना एका दमात चढतो. ही मात्र आपला तिसरा मजला गाठताना दोनदा टेकते. मी घड्याळ लावलं : तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिला सांगितलं की हा आकडा आपण खाली आणायचा. तिने कठडा धरून माझ्याकडे पाहिलं. बोलायला दम नव्हता.

कलेजीचा चौथा रविवार. सवय होत नाहीये. म्हणजे तिला.

१० मार्च. संध्याकाळी.
मधली तपासणी. सात पॉइंट तीन!

वाढ आहे. पाच आठवड्यांत शून्य पॉइंट एक. लेकीने हिशेब केला, या वेगाने दहा गाठायला अडीच वर्षं लागतील म्हणे. या मुलीला धीर म्हणून नाही. शरीर म्हणजे काही पेट्रोल पंप नाही, नळी लावली की आकडा फिरला. आधी पाया भरतो, मग इमारत उभी राहते. शिवाय लॅबच्या मशीनवर कुणाचाच शिक्का नाही. मी पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं की आता तरी सलाईन लावू या का. हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अजून पाच आठवडे आहेत. आहार आता कुठे लागू पडतोय.

उपाय : गोळ्या तीनदा करायला बाईंनी सांगितल्या. म्हणजे चहाही तीनदा. दुपारचा चहा करायला मी ऑफिसातून स्कूटरवर घरी येणार. हिला माझा चहा फार आवडतो. कप घेऊन दारात उभा राहिलो की हातातलं काम टाकून बसते, आणि तळाशी एक थेंब ठेवत नाही. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ मला वाटतं की काहीतरी होतंय.

२३ मार्च. रविवार.
खजूर, मनुका, डाळिंब. खजूर ऑफिसात ठेवले होते, घरी न्यायचे राहिले. संपले. मनुका हिने भिजत घातल्या आणि सकाळी माझ्याच डब्यात भरल्या, फिल्डवर उन्हात फिरावं लागतं म्हणून. मी रागावलो. रागावून खाल्ल्या, टाकून कशा देणार?

डाळिंब सोलायला बसलो. अर्धा तास लागला. निम्मे दाणे जमिनीवर. ही खाली बसून ते वेचू लागली आणि उठताना तिला उठताच येईना. मी हात दिला. हात थंडगार. ओठ पांढरे. मिनिटभर तशीच माझ्या दंडाला धरून उभी होती, आणि मला तिचं वजनच लागेना. माणसाने हातात डबा दिला तर मी ग्रॅममध्ये सांगतो किती भरेल. ही कधी इतकी हलकी झाली मला कळलंच नाही.

घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

लगेच चहा करून दिला.

५ एप्रिल. दुपारी.
माझी पँट कमरेत होत नाही. हिने बटण सरकवून दिलं. बसून शिवत होती, मध्येच डोळे मिटून भिंतीला टेकली. तक्त्यात बदल : मी चाखायचं बंद. निदान कमी.

विश्वकोशाचं नवीन म्हणणं असं की सगळा खेळ झिंकचा आहे. गेल्या आठवड्यात कॉपरचा होता. त्याला विचारलं, तुझ्या बायकोचं हिमोग्लोबिन किती. त्याला माहीत नव्हतं. मग मी कुणाचं ऐकत होतो इतके दिवस?

तेरा दिवस उरलेत. रात्री झोपण्याआधी मी आता मनातल्या मनात दहा, दहा, दहा असं म्हणतो. हे तक्त्यात नाही.

१२ एप्रिल. शनिवार.
सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट घेऊन दवाखान्यात. हिला सोबत म्हणून सकाळी मीही माझं तपासून घेतलं होतं.

माझं : सतरा पॉइंट एक. हिचं : सहा पॉइंट आठ.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझं अभिनंदन केलं. टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. मी खिशातून तक्ता काढला, उलगडला, दहा आठवड्यांचा, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे हिरवं काय आहे. म्हणालो, चहा. गोळीबरोबर. मी स्वतः करतो. तीन वेळा, एकदाही चुकलो नाही.

बाईंनी तक्त्याची घडी घालून माझ्या हातात परत दिला. मग सावकाश म्हणाल्या की चहा असला की गोळीतलं लोह अंगाला फारसं लागतच नाही. पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी म्हणालो, मला कुणीच सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही तेव्हा माझ्या वजनकाट्याखाली होतात.

आणि ही खाली मान घालून बसलेली. म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!

ऑपरेशन पुढे ढकललं. मंगळवारपासून सलाईनमधून लोह. तेही लागू पडलं नाही तर रक्त चढवायचं. तोवर जितकं जाईल तितकं जाणार.

परतताना जिन्यावर घड्याळ लावलं नाही. प्रत्येक मजल्यावर तिच्या शेजारी पायरीवर बसलो. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी विचारत होते, किल्ली हरवली का.

१२ एप्रिल. जेवणानंतर.
विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, खोटं कशाला लिहू. माहीत होतं तर प्यायलीस का? सांगायला काय झालं होतं?

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली की तुम्ही कप घेऊन दारात उभे राहायचात. तोंडभर हसत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी पाण्याचा ग्लास दिला नाहीत. आता देताय तर नको कसं म्हणू. पहिल्या दिवशी वाटलं, एक दिवसाचं नवल आहे, उद्या विसरतील, मग गोळी नीट घेऊ. तुम्ही विसरलातच नाही.

पुढची घडी घालत म्हणाली, साखरही फार असायची.

मी स्वयंपाकघरात गेलो. रडायला आलं. तिथे उभं राहून नेमकं काय करायचं ते सुचेना, म्हणून कढई उचलून बघितली. मग खाली ठेवली. लेक दारात आली होती, काही न बोलता परत गेली. तिच्यासारखी मुलगी बोलली नाही म्हणजे बघा.

१३ एप्रिल.
तक्ता फ्रीजवर परत लावला नाही. नवीन ठराव : गोळी मी देणार, लिंबूपाण्याबरोबर. सकाळी आठला लिंबू घेऊन उभा राहिलो. ती म्हणाली की सलाईन सुरू होतंय म्हणून बाईंनी गोळ्या बंद केल्यात. लिंबू परत ठेवलं.

रविवार असूनही आठवडी बाजारात काटे तपासायची ड्युटी होती, दुपारी तिथून सवयीने घरी आलो. ती झोपली होती. अर्धा तास खुर्चीत बसून परत गेलो.

१५ एप्रिल. दवाखाना, सकाळी ११.
पहिली बाटली लावली. नर्सने औषध सलाईनमध्ये मिसळलं, तर रंग थेट कोऱ्या चहासारखा. मी दोनदा विचारून घेतलं. लोहच आहे म्हणाली.

थेंब मोजले. मिनिटाला अठरा. थोडं वाढवलं तर लवकर होईल असं सुचवलं. नर्सने मला स्टुलासकट दोन हात मागे सरकवलं आणि नळीला बोट लावाल तर बाहेर बसवीन असा दम दिला. वॉर्डातला वजनकाटा समोरच आहे. गेलो नाही त्याच्याकडे.

बसलोय. करण्यासारखं काहीच नाही. हिचा सुईचा हात उशीवर, दुसरा मी धरलाय. अजून थंडच आहे. तिने हळूच विचारलं, तुम्ही सकाळपासून चहा घेतला नाहीत ना. म्हणालो, नाही, आणि यापुढे चहाचं नाव काढायचं नाही. म्हणाली, नाटकं पुरे, पिशवीत टॉवेलखाली थर्मास आहे. निघायच्या आधी करून ठेवला होता. कधी केलास, म्हटलं. तुम्ही दाढी करत होतात तेव्हा, म्हणाली.

झाकणात ओतून घेतला. ती बघत होती, म्हणून सगळा प्यायलो. फर्स्ट क्लास झाला होता. साखर बेताची.