फाडलेली पानं

मंगळवार, ३ सप्टेंबर

हद्दपारीचा हुकूम! वकीलबाईंनी फाईल माझ्या टेबलावर आपटली. "वीस तारखेला सुनावणी. सतरा दिवस आहेत, काहीतरी शोधून काढ."

नियम आणि जुने निकाल शोधणं हे माझं काम. हकिगत एवढीच. घड्याळ दुरुस्त करणारे एक गृहस्थ, आम्ही त्यांना घड्याळजीच म्हणतो. या देशात एकोणीस वर्षं. बायको इथेच वारली, मुलगी इथेच नववीत. पाच वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा इमिग्रेशन खात्यात, राहण्याच्या परवान्याच्या खिडकीवर नवा पत्ता दिला, पोचही घेतली. त्याच खात्याच्या दुसऱ्या विभागाने चौकशीला हजर राहा म्हणून नोटीस पाठवली ती जुन्या पत्त्यावर! हे गेले नाहीत, म्हणून हद्दपारी. आता परवाना वाढवायला गेले तेव्हा कळलं.

"एका खिडकीला सांगितलं म्हणजे खात्याला सांगितलं, असं नाही का हो ताई?" मी म्हटलं, बघते. जाता जाता म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. खुर्चीवर चढून लावूनही गेले.

बुधवार, ४ सप्टेंबर

आधी आमचा नियमांचा सुट्या पानांचा संच काढला. माझा जीव की प्राण! खात्याने नियम बदलला की नवं पान येतं. मी त्याच दिवशी जुनं काढून फाडते, नवं लावते. अकरा वर्षांत एक दिवस चुकले नाही. वकीलबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवतात.

पत्त्याबद्दल एकच ओळ — 'बदल संबंधित विभागास कळवावा.' संबंधित! म्हणजे प्रत्येक विभागाला वेगळं. झालं, दार बंद. तीन वर्षांपूर्वी त्या नर्सबाईंच्या केसमध्येही याच ओळीपाशी येऊन अडकले होते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सापडला! एका मोफत वेबसाइटवर, चौदा वर्षांपूर्वीचा निकाल — खात्याच्या कोणत्याही खिडकीवर दिलेली माहिती ही खात्यालाच दिलेली माहिती. अगदी जसाच्या तसा! वकीलबाई "शाब्बास" म्हणाल्या. हे वर्षाकाठी एकदा होतं. घड्याळजींना लगेच फोन करून सांगितलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आज स्वयंपाक तुझा, मी विदुषी आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

विदुषी!! निकालाची छापील प्रत आणायला कोर्टाच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांनी खंड उघडून माझ्यापुढे सरकवला. समासात गुलाबी चिठ्ठी — 'वरच्या कोर्टाने फिरवला', खाली तारीख. असा निकाल आला की ते स्वतः चिठ्ठी चिकटवतात, गेली तीस वर्षं. वेबसाइटवर चिठ्ठी कोण लावणार? पुढे त्या निकालाचं काय झालं हे बघायचं मला सुचलंच नाही. ऑफिसात काम शिकायला येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवते.

वकीलबाई ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अर्ज शुक्रवारी जायचाय. अजून गेला नाही, हे नशीब समज." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घड्याळजींना फोन करायचा धीर झाला नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

केला. मुलीनेच उचलला. "मावशी, शाळेत पुढच्या वर्षीचे विषय विचारलेत. फॉर्म भरू ना?" म्हटलं, भर. कुठल्या तोंडाने म्हटलं मी?

गुरुवार, १२ सप्टेंबर

पुन्हा ग्रंथालय. सकाळपासून तीन खंड चाळले, हाती शून्य. ग्रंथपाल बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "नोटीस कधीची?"

पाच वर्षांपूर्वीची.

"मग आजचा नियम काय वाचत बसलात बाई? त्या दिवशीचा वाचा."

डोक्यात लख्ख झालं. पण त्या दिवशीचं पान आणू कुठून? ते मी फाडलं!

ते आतून खोकं घेऊन आले. संचातून काढलेली सगळी जुनी पानं, वर्षवार, सुतळीने बांधलेली. "टाकवत नाहीत हो मला. बायको म्हणते रद्दी, तर इथे ठेवतो." दोघं फरशीवर बसलो. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, माझेही. दीड तासाने मिळालं — 'कोणत्याही खिडकीवर मिळालेला नवा पत्ता त्याच दिवशी सर्व विभागांच्या नोंदीत घ्यावा. तसे न झाल्यास जुन्या पत्त्यावरील नोटीस बजावली असे मानू नये.' ही ओळ चार वर्षांपूर्वी गाळली. म्हणजे नोटीस निघाली तेव्हा ती होती!

मी लाज सोडून रडले. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, पानापासून लांब जाऊन प्या.

शुक्रवार, २० सप्टेंबर

हुकूम रद्द! खात्याचा वकील म्हणाला, हे पान आमच्याकडे नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आहे." न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं.

बाहेर आल्यावर घड्याळजींनी हात पुढे केला. माझं मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं, किल्ली दिली, परत दिलं. मुलगी आपली बोलतच होती — भूगोल घेऊ की चित्रकला?

शनिवार, २१ सप्टेंबर

ऑफिसात रिकामं खोकं आणून ठेवलं. यापुढे एकही पान फाडणार नाही. खोक्याकडे बघताना काहीतरी टोचतंय. काय, ते माहीत आहे. सोमवारी बघेन.

सोमवार, २३ सप्टेंबर

नर्सबाईंची फाईल काढली. नोटीस घड्याळजींच्या नोटिशीच्याच वर्षातली, जुन्या पत्त्यावर. खिडकीची पोच टाचणीने लावलेली. वर माझ्या अक्षरात — 'नियम तपासला. आधार नाही.' त्यांना देशाबाहेर काढून तीन वर्षं होतील.

त्यांना पत्र लिहिलं. पाकिटावरचा पत्ता तीनदा तपासला.