'प्रूडंट'चा वाक्यात उपयोग

शनि. १० जाने.
नववी ब च्या वह्या. शब्द 'प्रूडंट'. वर्गात घसा फोडून सांगितलं होतं, नुसता हुशार म्हणजे प्रूडंट नव्हे, पुढचं पाहून, तोलून वागतो तो. वाक्यात उपयोग करा. अर्ध्या वर्गाचे आजोबाच प्रूडंट! वह्या गृहपाठाचं पान उघडून एकात एक घातलेल्या, नावं दिसत नाहीत. खटाखट तपासत गेले. एकीवर 'छान'सुद्धा लिहिलं. वाक्य असं, की माझी आई प्रूडंट आहे, बाबा दर मंगळवारी धंतोलीत किडनीच्या डॉक्टरकडे जातात हे तिला माहीत आहे, तरी ती त्यांना विचारत नाही.
मग अक्षर ओळखीचं वाटलं. जुईची वही. माझीच पोरगी.
मला काही म्हणजे काही माहीत नाही. मंगळवारी हे उमरेडला जातात, मिरचीच्या सौद्याला.

रवि. ११
हे कळमन्याच्या बाजारात गेल्यावर जुईला समोर बसवलं. सकाळी ट्यूशनला जाताना तीनदा पाहिलं म्हणे, किडनीच्या दवाखान्याबाहेर रांगेत बसलेले, हातात फाइल. मग मला काहून नाही सांगितलं?
"आई, तू भाजीत मीठ कमी केलं ना. मले वाटलं तुले माहीत आहे."
मीठ मी माझ्या बीपीसाठी कमी केलं. करायला ह्यांनीच लावलं, दोन महिने झाले. बापरे. वर रोज म्हणतात, तू तब्येत सांभाळ.
असा राग येऊन राहिला. रडूही.

सोम. १२
वर्गात एकीनं विचारलं, भीतीपोटी गप्प बसणाऱ्याला प्रूडंट म्हणता येईल का. नाही म्हटलं. जुई खाली मान घालून बसली होती.
घरी दोनदा तोंड उघडलं. एकदा चहा विचारला, एकदा गॅसचा नंबर लावला का ते. ह्यांचे पाय सुजलेत. इतके दिवस मला दिसले कसे नाहीत? आंधळी होते का मी?
उद्या सोबत निघते. मग सांगतीलच.

मंगळ. १३
शाळेत रजा टाकली. म्हटलं, मीपण येते उमरेडले, वर्षाची मिरची पाहून घेऊ. ह्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "चाल."
वाटलं, गाडी धंतोलीकडे वळवतील. नाही. थेट उमरेड! बसस्टँडसमोर चहा. कुठला सौदा अन् कुठलं काय, कोणाला भेटलेही नाहीत. साडेदहाला फोन आला, कट केला. कोण होतं विचारलं तर राँग नंबर.
तेव्हाच बोलायला हवं होतं. डॉक्टरची वेळ चुकली ती माझ्यापायी, अन् मी समोर बसून चहा पीत होते. लाज वाटते लिहायला.
दोन किलो मिरची घेतली. गाडीवर बसताना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी नको येऊ वं. दगदग होते तुले."
मी बरं म्हटलं.