सोळा नव्हे, अडतीस अंश

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी,
विभागीय वन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कूप क्रमांक नऊचा उतार मी चुकीचा मोजल्याबाबत, त्याखालील अकरा खोल्या तातडीने रिकाम्या करण्याबाबत, आणि कूप क्रमांक दहाची सोमवारपासूनची सरसकट तोड थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे दि. २९ एप्रिल व दि. ८ मे चे अर्ज. २) आपल्या कार्यालयाची दि. ५ मे व दि. १५ मे ची उत्तरे.

महोदय,

मी खाली सही करणारा, आपल्याच कार्यालयातून गेल्या डिसेंबरअखेर निवृत्त झालेला मोजणीदार आहे. तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, ज्याला आपण कूप म्हणतो, त्यातील झाडांचे घेर आणि जमिनीचा उतार मोजून नोंदवहीत चढवणे, हे काम मी एकतीस वर्षे केले. अर्ध्या अंशासाठी मी वाद घालत असे म्हणून कार्यालयात मला 'अर्धा अंश' म्हणत. आपण येथे नवीन आहात म्हणून कळवले, एरवी आता ते सांगण्यासारखे राहिलेले नाही.

१. आपल्या नियमाप्रमाणे तीस अंशांवर उतार असेल तर सरसकट तोड करता येत नाही, निवडून थोडी थोडी झाडेच काढता येतात. साडेतीन वर्षांपूर्वी कूप नऊची मोजणी माझ्याकडे होती. उतार मोजायचा तो डोंगरमाथ्यावरून थेट खाली, पाणी जसे ओघळेल तसा. माझा उजवा गुडघा त्या आठवड्यात भोपळ्याएवढा सुजला होता. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण निवृत्ती जवळ आली असताना कशाला नाव खराब करून घ्या, असा विचार केला. म्हणून मी पायवाटेने चढलो आणि वाटेवरच सात ठिकाणी उतारमापक लावला. पायवाट वळणावळणाने, माणसाला झेपेल अशीच चढते. सातही ठिकाणी सोळाच्या आसपास आकडा आला. आकडे इतके छान जुळले की मी स्वतःवरच खूश झालो आणि चहा प्यायला खाली उतरलो.

२. त्या सोळा अंशांवर सरसकट तोडीची परवानगी निघाली. आठ महिन्यांत डोंगर न्हाव्याने साफ करावा तसा झाला.

३. निवृत्तीच्या समारंभात माझा उतारमापक कार्यालयाने मलाच भेट दिला. एप्रिलमध्ये मी मुलीकडे गेलो होतो. ती त्या डोंगराच्या पायथ्याशी, आरागिरणीच्या कामगारांच्या खोल्यांपैकी तीन नंबरच्या खोलीत राहते. जावई आऱ्यावर आहे, पाच महिन्यांचे मूल आहे. तिच्या पायरीवर बसून, हाताला चाळा म्हणून मी यंत्र माथ्यावर रोखले. अडतीस आले. मला वाटले यंत्र बिघडले. दुसऱ्या दिवशी काठ्या, दोरी घेऊन गेलो, गुडघ्याला म्हटले काय व्हायचे ते होऊ दे, आणि थेट ओघळीतून वर चढत सात ठिकाणी मोजले. कमीत कमी सदतीस, जास्तीत जास्त एकेचाळीस. मी तिथेच खुंटावर बसून सातही आकडे वहीत उतरवले.

४. माझ्या पहिल्या दोन अर्जांत मी 'नोंदीत काही तांत्रिक तफावत असावी' असे लिहिले होते. ते वाक्य मी मुद्दाम तसे लिहिले. एकतीस वर्षांचे नाव एका कागदाने मातीत जाईल ही भीती मला त्या वेळी डोंगरापेक्षा मोठी वाटली. त्यात वीस दिवस गेले. तफावत नव्हती, चूक होती आणि ती माझी होती. ठेकेदाराची नाही, यंत्राची तर नाहीच.

५. आपल्या पहिल्या उत्तरात म्हटले आहे की मूळ नोंदीनुसार उतार सोळा अंश असल्याने दरड कोसळण्याची शक्यता उद्भवत नाही. महोदय, डोंगराला नोंदवही वाचता येत नाही. दुसऱ्या उत्तरात म्हटले आहे की फेरमोजणी करायची तर ती क्रमांकाच्या पत्र्या ठोकलेल्या सात खूणझाडांपासूनच करावी लागते. सदर झाडे तोडली गेल्याने जागेवर उपलब्ध नाहीत. सबब फेरमोजणी शक्य नाही आणि नोंद कायम करण्यात येत आहे. हा नियम योग्यच आहे, त्याचा मसुदा करणाऱ्यांत मीही होतो. आवक-जावक टेबलावरच्या बाई मला म्हणाल्या, काका, कागदावर सोळा असताना तुम्ही एवढे घाबरता कशाला? मी पोच घेतली आणि जिना उतरलो.

६. सगळे विचारतात की तोड होऊन अडीच वर्षे झाली, दोन पावसाळे गेले, मग आत्ताच काय झाले? झाड कापले तरी त्याची मुळे लगेच मरत नाहीत. दोन-तीन वर्षे ती जमिनीत तशीच राहून माती धरून ठेवतात. मग कुजतात. नवी लावलेली रोपे एकाच जातीची होती, उघड्या तापलेल्या मातीत त्यांतली बरीच करपली, त्यामुळे जुन्यांच्या जागी धरायला नवी मुळे आलीच नाहीत. परवा मी एका खुंटाचे मनगटाएवढे मूळ ओढून पाहिले. ते हातात आले, ओल्या पुठ्ठ्यासारखे. मी त्या उतारावर दहा खुंट तपासले, आठांची तीच गत.

७. माथ्याजवळ जमिनीला आडवी भेग आहे. २९ तारखेला तिच्यात चार बोटे जात होती. काल दीड वीत होती, आणि खाली काठी सोडली तर तळ लागला नाही. सात नंबरच्या खोलीचे मागचे दार आठवड्यापासून लागत नाही. चौकट तासून घेतली, पुन्हा अडकते. विजेचा खांब खोल्यांकडे कलला आहे. पाऊस नसताना ओढ्याला चहासारखे पाणी येते आहे. हवामान खात्याने रविवारपासून तीन दिवस मोठा पाऊस सांगितला आहे. महोदय, मला भीती वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे, पण छपरावर काही पडले की मी ओट्यावर धावतो.

८. खोल्यांतली माणसे का निघत नाहीत, हे आपण विचाराल. आपल्या कार्यालयाच्या लेखी आदेशाशिवाय खोली सोडली तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. चाळीस माणसे यादीत आहेत, म्हणून कोणी उंबरा ओलांडत नाही. आणि दुसरे कारण मी आहे. भेग पाहून चार-पाच जणी घाबरल्या होत्या, तर माझ्या मुलीनेच त्यांना समजावले की हा डोंगर माझ्या बाबांनी मोजलाय, बाबांचा अर्धा अंशसुद्धा चुकत नाही. त्या आपापल्या घरी गेल्या. मी तिथेच मांडीवर नातू घेऊन बसलो होतो. माझी जीभ रेटली नाही. नंतर मी नुसते म्हणालो की थोडे दिवस माझ्याकडे चला, तर विहीणबाई हसून म्हणाल्या, व्याहीबुवांना निवृत्तीचं भूत लागलंय, घर खायला उठतं वाटतं!

९. कूप दहा त्याच डोंगराची दुसरी बाजू आहे. त्याचा उतारही माथा ओलांडून पलीकडे उतरणाऱ्या त्याच पायवाटेवरून, त्याच आठवड्यात, मीच मोजला. सोमवारी तिथे करवती लागणार आहेत. मी झाडे तोडण्याच्या विरोधात नाही. माझा उभा जन्म तोडीचे आकडे लिहिण्यात गेला आणि जावयाचे पोट त्या आऱ्यावर आहे. पण कूप नऊ आरागिरणीने आठ महिन्यांत खाऊन संपवले. माझ्या पहिल्या साहेबांच्या पद्धतीने, दर दहा वर्षांनी पाचातले एक मोठे झाड काढून, बियांसाठी चांगली झाडे राखून, ओढ्याकाठचा पट्टा अजिबात न शिवता, वाढत्या रोपांवर ओंडके न ओढता काम केले असते, तर तोच डोंगर गिरणीला माझ्या नातवाच्या म्हातारपणापर्यंत पुरला असता. कूप दहामध्ये ते अजून करता येईल. तिथली झाडे उभी आहेत, खूणझाडांसकट. फेरमोजणी आजही शक्य आहे.

सबब विनंती, की :
अकराही खोल्या उद्या दुपारच्या आत रिकाम्या करण्याचा लेखी आदेश द्यावा आणि त्यात खोल्यांवरचा हक्क अबाधित राहील हे स्पष्ट लिहावे, नाहीतर कोणी हलणार नाही. माणसांना शाळेच्या इमारतीत जागा द्यावी.
कूप दहाची सरसकट तोड रद्द करून तिथे निवडूनच तोड ठेवावी.
माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, निवृत्तिवेतन थांबवायचे असल्यास थांबवावे. फक्त क्रम एवढा पाळावा. आधी माणसे, मग चौकशी.

हा आकडा चुकला असेल, मी म्हातारा भित्रा ठरलो, अकरा कुटुंबांनी मला जन्मभर शिव्या घातल्या, तर माझ्यासारखा सुखी माणूस नाही.

आपला नम्र व कसूरदार,
(सही)
निवृत्त मोजणीदार
दि. १९ मे, शुक्रवार

सोबत :
१) उताराच्या नव्या मोजणीचा तक्ता, सात ठिकाणे.
२) भेगेच्या रुंदीची रोजची नोंद.
३) कुजलेल्या मुळाचा तुकडा, पिशवीत. (कृपया टेबलावरून फेकून देऊ नये.)
४) साडेतीन वर्षांपूर्वीच्या नोंदीच्या पानाची प्रत, खाली माझी सही.

प्रत :
१) व्यवस्थापक, आरागिरणी.
२) खोली क्रमांक एक ते अकरा, प्रत्येक दारावर चिकटवण्यासाठी. मी आत्ता तिकडेच निघालो आहे.
३) खोली क्रमांक तीन, माझी मुलगी, हिच्या हातात : बाळा, मुद्दा एक वाचलास की पुढचे वाचू नकोस. सामान राहू दे, पोराला आणि सासूबाईंना घे आणि आधी बाहेर पड. माझ्यावर रागवायचं ते बाहेर येऊन रागव.