नानांच्या रायफलीची माशी

१२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
काल नेमबाजी क्लबच्या रेंजवर दहा गोळ्या. दहाही डावीकडे. दोष रायफलीचा. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, म्हणजे फ्रंट साइट, सरकली आहे. रायफल नानांची, माझ्या वडिलांची. ते गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं. धाकटा भाऊ इंद्रजीत अख्ख्या क्लबसमोर म्हणाला, आक्का, माशीला काय नाय झालं, तू डोळे दाखव. मूर्ख. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, शेवटच्या बाकावरची चिठ्ठी खुर्चीतून वाचली.
चिडून बोलून बसले: तेरा डिसेंबरच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत शंभरात सत्तर नाही आले, तर रायफल तुझ्या लेकीच्या, तनुजाच्या नावावर. तनुजा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आहे. वर नम्र आहे, त्याचा जास्त राग येतो.
संकल्प: माशी मीच काढणार, मीच बसवणार.

१४ नोव्हेंबर
औरंगपुरा. सुदर्शनचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. गाडी लावायला जागा नाही, रिक्षावाल्यांना लाज नाही. सुदर्शन म्हणाला, म्याडम, ठेवून जा, अर्ध्या तासाचं काम हाय. मी म्हटलं, काम नको, अवजारं सांग. तो म्हणाला, पितळी पंच, म्हणजे ठोकायची बोथट सळई, हलकी हातोडी, टेबलाला आवळायचा शिकंजा. लोखंडी पंच घेऊ नका, नळी खरचटंल. माशी डावीकडून ठोकून उजवीकडे काढायची, बसवताना उलटं. आणि लई जोर लावू नका. न विचारलेला सल्ला.

१७ नोव्हेंबर
ठोकाठोकी अडाण्यांची. ऑनलाइन ‘साइट पुशर’ मागवला. स्क्रू फिरवला की माशी सरकते. सभ्य वस्तू.

२१ नोव्हेंबर
पुशर आला. रायफलीची नळी त्यात बसतच नाही, तो पिस्तुलाचा. कस्टमर केअरच्या मुलीला चाळीस मिनिटं शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं इंग्रजी ऐकवलं. ती म्हणे, मॅम, फोटोत पिस्तूलच आहे. फोटो फारच लहान होता.

२३ नोव्हेंबर
हार्डवेअरच्या दुकानातून पितळी पंच आणला. झकास, पिवळाधमक. संध्याकाळी तनुजा आली. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून पंचाला लावलं. चिकटलं. लोखंडावर पिवळा रंग! फसवणूक. तनुजा म्हणाली, आत्या, डब्यावर लिहिलंय. ज्या अक्षरांत लिहिलंय, ती अक्षरं काय मुंग्यांसाठी छापली?

२४ नोव्हेंबर
पितळी पंच मिळाला. मॅग्नेट दुकानात घेऊन गेले होते. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

२९ नोव्हेंबर
तनुजा पुन्हा. आत्या, आधी माशी अन् नळीवर पेन्सिलीनं खूण करून घे. आणि गोळ्या डावीकडं जात असतील तर माशी डावीकडंच सरकवायची, गोळी उलट्या बाजूला सरकते. मी म्हटलं, बाळ, गोळ्या डावीकडे तर माशी उजवीकडे, एवढं लॉजिक आम्हाला पाचवीत शिकवलं. खूण करायला मी शिंपी नाही. गेली बिचारी.

३० नोव्हेंबर, दुपारी
शिकंजा डायनिंग टेबलाला आवळला, मध्ये सतरंजीचे तुकडे. नळीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे, मीही खिडकीशी. माशी ढिम्म. तेल सोडलं.

१ डिसेंबर
जोर लावला. निघाली. निघाली म्हणजे उडाली. कामाच्या वच्छलाबाईंना फ्रिजखाली सापडली. त्या म्हणाल्या, बाई, येवढ्याशा तुकड्यासाठी येवढा दणका व्हय? नंतर लक्षात आलं की नळीच्या तोंडासमोर उभं राहिलं की डावं-उजवं फिरतं. सुदर्शनने कोणाचं डावं ते सांगायला हवं होतं. बसवली, पण हलते. खाली कागदाची घडी. उत्तम.

७ डिसेंबर
दहा गोळ्या. निशाणाच्या कागदावर एकही नाही. इंद्रजीत विचारत होता, आक्का, आज सुट्टीवर आहेस का?  मी पाठ फिरवली.

१० डिसेंबर
रायफल सुदर्शनकडे. वीस मिनिटं. भिंगातून बघून म्हणाला, म्याडम, ही बघा बारीक रेघ, नानासाहेबांनी मारलेली खूण. बराबर तिथंच बसवली. पूर्वीबी तिथंच असणार, गंज तसंच सांगतो. मी भिंगातून पाहिलं. म्हटलं, दिसली.
संध्याकाळी तनुजाने रेंजवर त्याच रायफलीने पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील. वारा पडलेला होता.

१३ डिसेंबर
स्पर्धा. शंभरात एकेचाळीस. सगळ्या गोळ्या डावीकडे. वारा सुटला होता. झेंडे हलत नव्हते, पण वारा होता.
इंद्रजीत हसला नाही. ते वाईट.

१८ डिसेंबर, दुपारी १२
शस्त्र परवान्याचा विभाग. तनुजा म्हणत होती, आत्या, राहू दे ना, घाई कुठं आहे. मी म्हटलं, बोललेला शब्द आहे. फॉर्मवर ठसक्यात सही केली. कारकुनाने फॉर्म परत सरकवला. म्याडम, चौकटीत करा. दुसरा फॉर्म. पुन्हा सही. पुन्हा परत. चौकटीच्या डावीकडे, बोटभर लांब.
मागची रांग पुढे डोकावू लागली. टेबल तिरपं असल्याचं सांगणार होते.
तिसऱ्या फॉर्मवर तनुजाने बोट ठेवलं. म्हणाली, आत्या, इथं.
तिच्या नखाला पेन टेकवून सही केली.