जवसाच्या तेलाची पिशवी

४ ऑगस्ट १९४३, वाशीम
शेलूबाजारच्या पलीकडून, कमलच्या सासरहून माणूस आला. डॉक्टर म्हणतात, पावसाळा निघणे कठीण. क्षय. बहिणीची एकुलती मुलगी. बाळ अजून रांगतही नाही. तिचा निरोप: "मावशीले म्हना, क्यामेरा घेऊन ये. पोराले माह्यं तोंड मंग कोन दाखवीन?"
कॅमेऱ्यात एकच रीळ. लढाईमुळे दुसरे अकोल्यातही नाही. वाटेत शेलूबाजारकडचा नाला. मागच्या साली तिथेच आमची बैलबंडी कलंडली. ते पाणी अजून नाकात आहे.
ते असो. आधी पिशवी.

६ ऑगस्ट
तीन पिशव्या. आत टीपकागद घालून घंगाळात बुडवल्या. कातडी: शिवणीतून पाझरली. रबरी: घडीवर भेगा. जाड खाकी, जवसाचे तेल पाजलेली: कागद कोरडा. तेल अजून चिकटते, घरभर वास. बंडी हाकणारा सखाराम म्हणाला, "बाई, याच्यात क्यामेरा भरता का लोनचं?"
हीच घ्यायची.

७ ऑगस्ट
पुन्हा बुडवली. कोरडी. जेवल्यावर पुन्हा. सखाराम पाहत होता; या वेळी घंगाळ त्यानेच भरून दिले.

९ ऑगस्ट, शेलूबाजार
काल जाताना नाला उतरलेला. तरी पिशवी छातीशी, डोळे मिटलेले.
कमलला एकदम ओळखले नाही. फक्त डोळे तेच. ऊन येईना. दुपारी जरा पडले, तशी खाट अंगणात आणवली, बाळ मांडीवर दिले. हलू नकोस म्हटले, वर्गातल्या आवाजात.
"मावशी, रागावल्यावानी नको पाहू. पोरगं भिऊन राह्यलं."
आणि हसली. तेवढ्यात खटका दाबला. सगळे रीळ तिच्यावरच संपवले.
निघताना तिने कॅमेरा मागून घेतला, बाळाच्या दुपट्यात गुंडाळला. गचके बसतील म्हणे. आभाळ दाटलेले, सखाराम घाई करत होता. तसाच पिशवीत घातला, तोंड घट्ट आवळले.
नाला भरून वाहतो आहे. मुक्काम इथेच.

१० ऑगस्ट, वाशीम
पाणी बैलांच्या पोटाला. "आता नाही तं चार रोज नाही, बाई." उतरलो. मधोमध बंडी तिरपी झाली, पिशवी पाण्यात, दोर मुठीत. मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही.
घरी येऊन उघडली. पाण्याचा थेंब आत नाही. दुपटे मात्र दमट. नाल्याचे नव्हे. या दिवसांत कपडा वाळतो कुठे? दिवस-रात्र त्या बंद पिशवीत. कॅमेऱ्याच्या पाठीवर रिळाचा आकडा दिसतो, त्या लाल काचेला आतून दव.
शाळेत मुलींची नखे रोज तपासते. निघताना दुपट्याला हात लावून पाहिले नाही.

१३ ऑगस्ट
रीळ अकोल्याला गेले. फोटोवाल्याचा निरोप: ओल रिळाला लागली का, ते धुतल्याशिवाय सांगता येत नाही.
कमलचा दीर दारात. तिने विचारले आहे, "मी हासली थे आलं का?"
सांगितले, येईल. तोवर औषध चुकवू नको म्हणावे.
तो दुपटे परत मागत होता. दोरीवर आहे. अजून वाळले नाही.